चार कानांची खूण

तुमचा उजवा हात आत्ता कुठे आहे? त्याला न हलवता सांगा बघू. पुस्तकावर? गालाखाली? की नखं दातांत?

आता अशी कल्पना करा, की या हाताला तुम्हाला न विचारता एका ठराविक ठिकाणी जायची सवय लागली आहे. तुम्ही गणित सोडवताय, गोष्ट वाचताय, आणि तो आपला निघतो. पोहोचल्यावर तुम्हाला कळतं, अरे, हा इथे कधी आला? अशा हाताचं तुम्ही काय कराल? रागवाल? बांधून ठेवाल? थांबा, उत्तराची घाई नको. आधी भिंगरीचं काय झालं ते ऐका.

भिंगरी अकरा वर्षांची होती. हे नाव बाबानं पाडलं होतं, कारण लहानपणी तिचा पाय एका जागी ठरत नसे. मोठी झाली तसे पाय शांत झाले, पण ती चुळबुळ पायांतून निघून हातात जाऊन बसली. अभ्यासाला बसली की तिचं उजवं कोपर कशावर तरी टेकायचं, गाल तळहातात जायचा आणि बोटं कानामागे. तिथे एखादा जाडसर, खरखरीत केस सापडायचा. बोट त्याच्यावरून फिरत राहायचं, आणि मग टच! केस हातात. क्षणभर बरं वाटायचं. नंतर बराच वेळ वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्यावर उपाय म्हणून हात पुन्हा निघायचा.

गंमत बघा, तिचा बाबा केस कापायचा. कोपऱ्यावर त्याचं छोटं सलून होतं. दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. भिंतभर आरसा. समोर लाकडी बाक आणि त्यावर शिळे पेपर. आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, ती सहाला सुटे. म्हणून शाळा सुटली की भिंगरी बाकाच्या टोकाला, भिंतीला टेकून अभ्यास करत बसायची.

बाबाचा हात चांगला होता, पण अर्धी गिऱ्हाइकं यायची ती त्याच्या गप्पांसाठी. "खुर्चीतल्या माणसाला मान हलवता येत नाही," तो म्हणायचा. "मग बिचाऱ्याच्या कानांना तरी काम नको का?" कोणाच्या घरी काय शिजतंय, कोणाचं कोणाशी फाटलं, कोणाचा जावई नोकरी सोडून घरी बसलाय, सगळं तिथे कळायचं. बाकावरचे लोक म्हणत, "पेपर कशाला विकत घ्यायचा? त्यापेक्षा महिन्यातून एकदा केस कापून घ्यावेत."

बोलता बोलता त्याची कात्री दोन कापांच्या मध्ये हवेतच चालायची. कच कच. नेहमी दोनदा. भिंगरीनं एकदा विचारलं होतं, "बाबा, हवेला कसली कटिंग?" तर म्हणाला, "हाताची लय तुटू नये म्हणून गं."

एके दिवशी बाबा बाकाखालचं झाडत होता. झाडता झाडता थांबला. खाली वाकून त्यानं चार-पाच लांब केस उचलले आणि दिव्याजवळ धरले. दुसऱ्या कोणी ते गिऱ्हाइकाचे समजून सुपलीत भरले असते. पण ज्याचा जन्म केसांत गेला त्याला सांगावं लागत नाही. कात्रीनं कापलेला केस दोन्हीकडे बोथट असतो. या केसांच्या एका टोकाला पांढरा, बारीक ठिपका होता. मूळ. हे केस कापलेले नव्हते, उपटलेले होते.

महिनाभर तो भिंगरीच्या कानामागच्या रिकाम्या चकतीला चाई समजून तेल लावत होता.

तो ओरडला नाही. नंतर कळल्यावर आई म्हणाली तसं "सोड ती घाणेरडी सवय!" म्हणाला नाही. आई ते पुढे दिवसातून दहादा म्हणायची आणि दर वेळी भिंगरीला अजून एक केस उपटावासा वाटायचा. बाबानं नुसतं शेजारी बसून विचारलं, "दुखतं का गं?"

भिंगरीनं मान हलवली. आणि मग रडलीच.

त्या दिवसापासून जगात तिचं एकच माणूस होतं.

दवाखान्यातल्या ज्या बाईंकडे बाबा तिला घेऊन गेला, त्यांना भिंगरी मनातल्या मनात 'सवयवाल्या बाई' म्हणायची. औषधाची बाटली नाही, सुई नाही. बाईंनी पहिल्या दिवशी एकच काम दिलं: हाताचा रस्ता शोधायचा.

"घरातून शाळेत जाताना मध्ये काय काय लागतं?" बाईंनी विचारलं.

"बेकरी, पंपाची टाकी, मग चष्म्याचं दुकान."

"तसाच तुझ्या हातालाही रस्ता आहे. तो एकदम केसापाशी उगवत नाही. कुठून निघतो?"

भिंगरीनं आठवडाभर पाळत ठेवली. वहीत लिहिलं. कोपर टेकतं. गाल तळहातात जातो. बोटं कानामागे. खरखरीत केस. वही बघून बाई खूश झाल्या. "शाब्बास. चोर बेकरीपाशीच सापडला तर चष्म्याच्या दुकानापर्यंत कशाला जाऊ द्यायचा?"

मग त्यांनी युक्ती शिकवली. कोपर टेकलं किंवा केस ओढावासा वाटला, की अंगठा आत घालून मूठ वळायची, कोपर बरगडीला घट्ट लावायचं आणि मनात साठ मोजायचे. वळलेल्या मुठीला केस धरता येत नाही. ओढायची इच्छा लाटेसारखी वर येते आणि आपण काही केलं नाही तरी उतरते. बसायचं ते बाकाच्या मधोमध, जिथे कोपराला टेकू नसतो. वाचताना तर्जनीला चिकटपट्टी. आणि वहीत खुणा करायच्या, पण त्या हरण्या-जिंकण्याच्या नाहीत, नुसत्या कळण्याच्या.

शेवटी बाई म्हणाल्या, "कधी कधी हात निघालेला तुला कळणार नाही. तेव्हा हळूच आठवण करून द्यायला एक सोबती हवा. ओरडणारा नको. कोण हवा, ते तूच ठरव."

भिंगरीनं विचारही केला नाही. "बाबा."

"मग दोघं मिळून खूण ठरवा. आणि हे बघा," बाईंनी बाबाकडे बघितलं, "दोन माणसांचे कान किती?"

"चार," बाबा हसत म्हणाला.

"ही खूण चार कानांची. तिसरा माणूस आला की कान होतात सहा, आणि षट्कर्णी झालेली खूण मग खूण राहत नाही. तिची चेष्टा होते. कळलं?"

"बाई, माझ्या तोंडाला कुलूप," बाबा म्हणाला आणि ओठांवर खोटी किल्ली फिरवून ती खिशात टाकली. भिंगरी खुदकन हसली.

खूण बाबानंच सुचवली. हवेतली कात्री नेहमी दोनदा चालते. भिंगरीचा हात निघाला, की तीनदा. कच कच कच. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि कुणाला पत्ताही नाही! घरी कात्री नसेल तेव्हा दोन बोटांची कात्री करायची, आवाज न करता.

दीड महिना ते असं चाललं. दुकानात गप्पांचा फड रंगलेला असायचा, आणि मध्येच कच कच कच. भिंगरीची मूठ वळायची, कोपर बरगडीला लागायचं. आरशातून बाबा डोळा मिचकावायचा. दहा माणसांत फक्त दोघांचं असं काहीतरी असणं किती छान असतं, ते ज्याच्याकडे असतं त्यालाच ठाऊक. कानामागे मखमलीसारखी लव आली. बाबा तिच्यावरून अंगठा फिरवून म्हणाला, "बघ, पेरणी उगवली."

मग ती परीक्षा आली. गणिताची, पंचवीस मार्कांची.

चौथ्या उदाहरणाला भिंगरी अडली. कोपर टेकलं. गाल तळहातात गेला. तेवढ्यात शेजारच्या रांगेत काहीतरी हललं. चष्मेवाल्यांची मुलगी तिच्याकडे बघत होती, आणि तिनं दोन बोटांची कात्री केली होती. एकदा, दोनदा, तीनदा.

भिंगरीला आधी वाटलं, योगायोग असेल. पण ती मुलगी कुजबुजली, "कानाकडे चाललाय हात. मूठ वळ."

चौथं उदाहरण तसंच राहिलं.

मधल्या सुट्टीत भिंगरीनं तिला गाठलं. "तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या पप्पांनी. तुझ्या बाबांनी कटिंग करताना त्यांना सांगितलं ना. मी नखं खाते, म्हणून ते म्हणाले, बघ, ती मुलगी कशी केस ओढायची आणि कात्रीच्या खुणेनं आता कशी शहाणी झाली." ती मुलगी वाईट नव्हती. तिला खरंच मदत करायची होती. "मी फक्त माझ्या मैत्रिणीला सांगितलंय हं. एकीलाच."

त्या एकीनं अजून एकीला. शाळा सुटेपर्यंत सगळा वर्ग बोटांच्या कात्र्या चालवत होता. कच कच कच. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "ए भिंगरी, घरचंच दुकान आहे ना? मग हातानं कशाला?" हशा पिकला. भिंगरीही हसली, कारण आपण हसलो नाही तर लोक आणखी हसतात. पण तिला बाकी काही ऐकू येत नव्हतं. एकच वाक्य डोक्यात फिरत होतं: तुझ्या बाबांनी सांगितलं.

आईनं सांगितलं असतं तर चाललं असतं. बाईंनी सांगितलं असतं तरी एक वेळ. पण बाबानं?

त्या संध्याकाळी ती बाकाच्या टोकाला, भिंतीला टेकून बसली. खुर्चीत कोणी नव्हतं, बाबा एकटाच कात्री पुसत होता. भिंगरीचं कोपर टेकलं. या वेळी ते तिला चांगलं कळलं होतं. बोटं कानामागे गेली.

कच कच कच.

भिंगरीनं आरशात बाबाच्या डोळ्यांत बघितलं. हात खाली घेतला नाही. कोवळ्या लवेच्या कडेचा एक लांब केस निवडला आणि बाबा बघत असताना ओढला. मग उठून तो त्याच्यासमोर, कंगव्यांच्या शेजारी ठेवला.

"हा घे," ती म्हणाली. "बघ, मूळ आहे का."

बाबाची कात्री हवेतच राहिली. "भिंगरे? काय झालं?"

"चष्मेवाल्या काकांना तू सांगितलंस."

बाबाचं तोंड उघडलं. "अगं… ते त्यांच्या पोरीच्या नखांचं सांगत होते. काळजीत होते. मी म्हटलं, आमच्या भिंगरीनं एवढं करून दाखवलं, तुमचीही करेल. कौतुकानं सांगितलं गं! वाईट थोडंच सांगितलं?"

"चांगलं सांगितलं की वाईट, ते मी विचारलंच नाही."

"मी त्यांना म्हटलंही होतं, कोणाला सांगू नका म्हणून."

"बाईंनी तुला काय म्हटलं होतं?"

भिंगरीनं वही काढली. पहिल्या पानावर 'सोबती' असं लिहून पुढे तिनं वळणदार अक्षरात 'बाबा' लिहिलं होतं. त्यावर एक आडवी रेघ मारली. खोडरबर वापरला नाही, कारण खोडलं तर लिहिलंच नव्हतं असं दिसलं असतं. लिहिलं होतं, हेच तर दुखत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतून सरळ घरी जायला लागली. शेजारच्या काकू किल्ली ठेवायच्या. बाबा घरी आला की ती पुस्तकात तोंड खुपसायची. त्यानं हसवायचा प्रयत्न केला, खिशातून खोटी किल्ली काढली, तर तिनं मानच वळवली. तीच ती किल्ली. आठ दिवसांत कानामागची अर्धी मखमल गेली.

सवयवाल्या बाईंकडे ती यावेळी आईबरोबर गेली. सगळं सांगून म्हणाली, "आता मी पुन्हा पहिल्या पायरीवर."

"नाहीस," बाई म्हणाल्या. "तुला हाताचा रस्ता माहीत आहे. तो काही कोणी पुसलेला नाही. पडायला झालं म्हणून चालायला शिकलेलं वाया जात नाही."

"आणि सोबती?"

"तुझी वही आहे. ज्यानं शब्द मोडला, त्याचं नाव खोडायचा तुला पूर्ण हक्क आहे. पुन्हा लिहायचं की नाही, कधी लिहायचं, तेही तूच ठरवायचं. मी सांगणार नाही आणि आईही सांगणार नाही."

आईनं तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

घरी येताना आईनं तिचा हात धरला. मग म्हणाली, "मी पण तुला उगाच ओरडत होते ना?" भिंगरी म्हणाली, "हो." एवढंच. पण त्या रात्री तिनं मूठ वळली, आणि साठ मोजून झाल्यावर पुन्हा साठ मोजले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबा डबा विसरून गेला. खरंच विसरला की मुद्दाम, देव जाणे. आईनं भिंगरीला दुकानात पाठवलं. वही-पेन्सिल तिनं सवयीनं पिशवीत टाकली.

दुकान भरलेलं होतं. खुर्चीत चष्मेवाले काका, गळ्याशी पांढरं कापड. बाकावर तिघं. भिंगरीला दारात बघताच बाबाचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. त्याचे डोळे भरून आले.

"आली का माझी भिंगरी!" तो म्हणाला. "काका, आज तुमच्यासमोरच सांगतो. मी या पोरीचा गुन्हेगार आहे. तिचं ते केसांचं मी तुम्हाला सांगायला नको होतं…"

"कसलं केसांचं?" बाकावरचा एक जण पेपर खाली करत म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं. बाकीचे दोघंही पुढे सरकले.

"अहो, ती अभ्यास करताना कानामागचे…"

माफी मागता मागता तो पुन्हा सांगत होता! दुकानातल्या सहा कानांचे आता बारा व्हायला निघाले होते. तिचा हात वर उठला. उठलेला तिला कळला. तिनं मूठ वळली, अंगठा आत, कोपर बरगडीला, आणि आरशात बाबाकडे बघितलं.

बाबा रडवेला झाला होता. तो लबाड दिसत नव्हता. त्याचं तोंड आपलं निघालं होतं, आणि आपण कुठे पोहोचलोय याचा त्याला पत्ताच नव्हता. हा चेहरा तिनं कुठेतरी बघितला होता. अभ्यास करताना, याच आरशात, स्वतःचा.

म्हणून तिचा राग गेला का? नाही, मुलांनो. सवय म्हणून लागलं काय किंवा मुद्दाम लागलं काय, लागलेलं दुखतंच.

भिंगरीनं डबा खाली ठेवला. आरशापुढच्या फळीवर बाबाची जुनी, बोथट कात्री पडलेली असायची. ती उचलून तिनं हवेत धरली.

कच कच कच.

बाबा वाक्याच्या मध्येच थांबला. बाकावरच्यांना काही कळलं नाही. खुर्चीतल्या काकांना मात्र कळलं. आरशात त्यांचा चेहरा लाल झाला, पण मान हलवता येत नव्हती. भिंगरी मनात मोजत होती. दहा. वीस. त्या दुकानात इतकी शांतता कधी कोणी ऐकली नव्हती. बत्तीसला बाबानं श्वास घेतला. "म्हणजे मी काय म्हणतो…"

कच कच कच.

बाबानं हळूच कंगवा उचलला आणि दातांत आडवा धरला. साठ झाले. कंगवा तसाच होता. त्याच्या गालांवरून पाणी कंगव्यावर उतरत होतं, आणि हात निमूटपणे काकांचे केस कापत होते. हवेत एकदाही न चालता.

भिंगरीनं वहीतलं एक कोरं पान फाडलं. त्यावर दोन उभ्या रेघा ओढल्या. बाबाचं तोंड निघालं होतं, दोन वेळा. पान आरशाच्या चौकटीत खोचलं आणि पेन्सिल खाली ठेवली, बाबाच्या हाताशी.

मग तिनं स्वतःच्या वहीचं पहिलं पान उघडलं. 'सोबती' या शब्दापुढे रेघ मारलेलं नाव होतं आणि त्याच्या पुढे रिकामी जागा. ती जागा तिनं थोडा वेळ बघितली. काही लिहिलं नाही.

वही मिटून ती बाकापाशी आली. बसलेल्या तिघांना म्हणाली, "काका, जरा सरका." आणि टोकाला, भिंतीपाशी न जाता, बाकाच्या बरोबर मधोमध बसली.